दशमांश एक, रीती अनेक : यहुदी धर्मशास्त्रातील दानविधींची कारणमीमांसा

(महाजन मंडळाच्या व्याख्यानप्रसंगी वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतात पिकलेल्या धान्यातील, बागेत धरलेल्या फळांतील किंवा व्यापारात मिळालेल्या द्रव्यातील काही अंश देवाधर्मासाठी वेगळा काढावा, ही भावना जगातील बहुतेक जुन्या समाजांत आढळते. हा अंश दहावा असावा असा संकेत पश्चिम आशियातील प्राचीन समाजांत रूढ होता. तेथून तो यहुदी धर्मग्रंथांच्या द्वारे ख्रिस्ती जगात गेला. पोर्तुगीज भाषेतील ‘दीझिमु’ हा शब्ददेखील दशमांश याच अर्थाचा आहे. परंतु या संस्थेचे मूळ स्वरूप जाणून घेण्यासाठी जो कोणी यहुदी धर्मशास्त्राकडे वळतो, तो प्रथमदर्शनी गोंधळून जातो. एकच सरळ दशमांश मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्या पुढ्यात अनेक दशमांश येतात आणि प्रत्येकाची रीत निराळी असते. एक वाटा मोजून काढलाच पाहिजे, तर दुसरा मोजून काढण्यास मनाई. एक परक्याच्या हाती द्यावयाचा, तर दुसरा मालकाने स्वतःच, पण ठरलेल्या नगरीत जाऊन खावयाचा. एकाचे वर्ष शरद ऋतूत सुरू होते, तर दुसऱ्याचे हिवाळ्याच्या मध्यावर. हे वैचित्र्य का असावे? शास्त्रकारांनी निष्कारण नियमांचे जंजाळ माजविले, की प्रत्येक भेदामागे काही विचार होता? या प्रश्नाचा यथाशक्ती उलगडा करणे, एवढाच प्रस्तुत भाषणाचा हेतू होय.

या विषयाची साधने प्रथम ध्यानात घेतली पाहिजेत. मोशेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाच ग्रंथांना यहुदी लोक ‘तोरा’ म्हणतात. त्यांपैकी लेवीय, गणना आणि अनुवाद या तीन ग्रंथांत दशमांशाच्या आज्ञा विखुरलेल्या आहेत. त्यांची वाक्ये त्रोटक असून काही ठिकाणी परस्परविरोधी भासतात. पुढे इ. स. २०० च्या सुमारास ‘मिश्ना’ हा विधिसंग्रह सिद्ध झाला. त्याच्या सहा विभागांपैकी पहिला विभाग शेतीच्या नियमांचा असून त्यात अकरा प्रकरणग्रंथ आहेत. मिश्नेवरील चर्चेतून तल्मूद निर्माण झाला. बाराव्या शतकात मायमोनिदीस या थोर पंडिताने सर्व नियमांची सुसूत्र मांडणी केली, आणि योसेफ कारो याचा ‘शुल्हान आरूख’ हा आचारग्रंथ इ. स. १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे हा विचार अखंड चालू होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भेदाचे पहिले कारण म्हणजे घेणारा कोण, हे होय. इस्राएलाच्या बारा वंशांत भूमीची वाटणी झाली, तेव्हा लेवी वंशाला शेतजमिनीचा वाटा मिळाला नाही. मंदिरातील सेवा, गायन, द्वाररक्षण ही कामे त्या वंशाकडे सोपविली गेली. त्यातही अहरोनाच्या कुळातील पुरुष हे प्रत्यक्ष याजक होते, आणि वेदीवरील कर्मे त्यांचीच. तेव्हा शेतकऱ्याच्या खळ्यातून दोन निरनिराळे वाटे निघत. पहिला ‘तरूमा’, म्हणजे उचलून अर्पिलेला अंश, तो याजकाचा. दुसरा ‘मआसेर रिशोन’, म्हणजे पहिला दशमांश, तो लेव्याचा. या दोहोंचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. तरूमा पवित्र मानलेला होता. याजक व त्याचे घरचे लोक यांनीच तो शुद्ध अवस्थेत खावयाचा, इतरांना तो निषिद्ध. लेव्याचा दशमांश मात्र त्याच्या सेवेचा मोबदला आहे असे गणनाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून त्यातून याजकाचा अंश निघाल्यावर उरलेले धान्य साधे अन्न ठरते आणि लेव्याने ते कोठेही खावे, अशी मुभा आहे. पवित्र वस्तू आणि वेतन यांचे नियम सारखे असू शकत नाहीत, हे उघड आहे.

येथेच मोजण्या–न मोजण्याचे रहस्य उलगडते. तरूमा किती द्यावा, हे तोरेत सांगितलेले नाही. तत्त्वतः गव्हाचा एक दाणा जरी वेगळा काढला, तरी सबंध रास मोकळी होते. पण तेवढ्यावर याजकाचा निर्वाह कसा व्हावा? म्हणून ऋषितुल्य आचार्यांनी एक माप सुचविले : उदार मनाच्या माणसाने चाळिसावा भाग द्यावा, मध्यम वृत्तीच्याने पन्नासावा, आणि हात आखडता असणाऱ्याने निदान साठावा. मात्र हा अंश मापाने, वजनाने अथवा गणतीने काढू नये, डोळ्यांच्या अंदाजाने काढावा, असा दंडक मिश्नेत आहे. ज्या दानाला देवाने माप घातले नाही, त्याला माणसाने माप लावू नये, ही त्यामागील भूमिका. याउलट दशमांश या शब्दातच संख्या आहे. तो अंदाजाने काढला आणि कमी पडला, तर लेव्याच्या हक्काला धक्का लागतो. जास्त पडला, तर जो भाग दशमांश ठरू शकत नाही तो दशमांशात मिसळतो. म्हणून रब्बान गम्लिएल या आचार्याने शिष्यांना बजावले की, अंदाजाने दशमांश काढण्याची सवय लावून घेऊ नका. दानशूरपणा मोकळ्या हाताने दाखवावा, पण दुसऱ्याचा हक्क चोख मोजून द्यावा, हा विवेक या दोन रीतींच्या मुळाशी आहे.

लेव्याने आपल्या दशमांशाचा दशमांश याजकाला द्यावयाचा असे. म्हणजे घेणाराही दात्याच्या कर्तव्यातून सुटत नसे. त्यानंतर शेतकऱ्याकडे उरलेल्या धान्यातून आणखी एक दशमांश निघे. हिशेबाच्या सोयीसाठी आपल्याकडील परिचित माप घेऊ. खळ्यावर शंभर कुडव गहू आहे असे समजा. मध्यम मापाने दोन कुडव तरूमा निघाला, अठ्ठ्याण्णव उरले. त्यांचा दशमांश नऊ पूर्णांक आठ दशांश कुडव लेव्याकडे गेला. त्यातून लेव्याने जवळजवळ एक कुडव याजकाला दिला. शेतकऱ्याजवळ अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोन दशांश कुडव राहिले. त्यांचा पुन्हा दशमांश काढला असता अखेरीस सुमारे एकोणऐंशी कुडव आणि थोडे अधिक, इतके धान्य निर्वेध उपयोगासाठी उरे. सारांश, ज्याला आपण ‘दहावा हिस्सा’ म्हणतो तो वस्तुतः पंचमांशाच्याही किंचित वर जात असे. हा क्रम उलटा करणे निषिद्ध होते. तरूमेला तोरेत ‘प्रथम’ असे नाव आहे, तेव्हा प्रथम म्हटलेले मागून देणे हा त्या नावाचा अनादर ठरे. तथापि कोणी चुकून क्रम मोडलाच, तर दिलेले दान रद्द होत नसे. दात्याला दोष लागे, पण घेणाऱ्याची हानी होत नसे.

दुसऱ्या दशमांशाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. यहुदी कालगणनेत सात वर्षांचे एक चक्र मानतात. सातव्या वर्षी भूमीला विश्रांती. त्या वर्षी पेरणी नाही आणि दशमांशही नाही. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी जो दुसरा दशमांश निघे, त्याला ‘मआसेर शेनी’ म्हणत. तो कोणाला द्यावयाचा नसे. मालकाने तो यरुशलेमला न्यावा आणि तेथे कुटुंबासह आनंदाने खावा. तिसऱ्या व सहाव्या वर्षी मात्र त्याच भागाला ‘मआसेर आनी’, म्हणजे गरिबांचा दशमांश असे नाव येई आणि तो गावातील दरिद्री, परका, अनाथ व विधवा यांना द्यावा लागे.

स्वतःच खावयाचे, तर त्याला दान कसे म्हणावे, अशी शंका सहज उद्भवते. अनुवाद ग्रंथाचे उत्तर असे की, यामुळे माणूस ईश्वराचे भय धरण्यास शिकतो. तेराव्या शतकातील स्पेनमधील ‘सेफेर हाहिनुख’ या ग्रंथाच्या अज्ञात कर्त्याने याचा फार मार्मिक खुलासा केला आहे. सर्वसामान्य शेतकऱ्याला शेत सोडून विद्येच्या ठिकाणी राहणे परवडत नाही. पण त्याच्या पिकाचा काही भाग जर राजधानीतच खर्च झाला पाहिजे असा नियम असेल, तर एकतर तो स्वतः तेथे जाईल आणि थोडे शिकेल, किंवा आपल्या एखाद्या मुलाला तेथे ठेवील आणि त्या धान्यावर त्याचे पोषण करील. अशा रीतीने घरटी एक जाणता माणूस तयार होईल. म्हणजे हा दशमांश दुसऱ्याच्या पोटासाठी नसून दात्याच्या स्वतःच्या सुधारणेसाठी होता, आणि म्हणूनच त्याची रीत वेगळी ठेवणे भाग होते.

ज्याचे गाव यरुशलेमहून दूर असे, त्याने धान्याचे ओझे वाहून न नेता त्याचे नाण्यांत रूपांतर करावे आणि ते पैसे नगरीत अन्नावर खर्चावे, अशी सवलत होती. परंतु मालकाने स्वतःच आपले धान्य सोडविले, तर त्याने किमतीवर पंचमांश अधिक घालावा असे लेवीय ग्रंथ सांगतो. परक्याने सोडविले तर हा अधिभार नाही. आपल्या वस्तूची किंमत आपणच ठरवू लागलो की मन स्वस्ताईकडे झुकते, हा मनुष्यस्वभाव मायमोनिदीसाने येथे कारण म्हणून दाखविला आहे. कचेरीत हिशेब ठेवण्याचे काम ज्याने केले असेल त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गरिबांच्या दशमांशातही दोन रीती आढळतात. खळ्यावर जो गरीब येई, त्याला काही ठरावीक मापापेक्षा कमी देता येत नसे. गहू असल्यास निदान अर्धा काब, म्हणजे दोन वेळच्या जेवणास पुरेल इतका. तोरेत ‘खाऊन तृप्त व्हावे’ असा आशय आहे. मूठमूठ वाटून दात्याचे नाव झाले आणि कोणाचेही पोट भरले नाही, तर ती आज्ञा पाळली गेली असे होत नाही, हा त्या नियमाचा मथितार्थ. दुसरीकडे, दात्याच्या स्वतःच्या नात्यात कोणी गरीब असला तर त्याच्यासाठी अर्धा भाग राखून ठेवण्याची मोकळीक होती, पण उरलेला अर्धा आलेल्या परक्यांना दिलाच पाहिजे. आप्तेष्टांची काळजी आणि परक्याचा हक्क यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

आता गुराढोरांकडे पाहू. गाई, मेंढ्या व बकऱ्या यांचाही दशमांश होता, पण त्याची पद्धत धान्याहून अगदी वेगळी. धान्याचे दाणे सारखे असतात. ढिगाच्या या बाजूचे काढले काय आणि त्या बाजूचे काढले काय, कोणाचे नुकसान नाही. जनावरे तशी नसतात. एक धष्टपुष्ट, दुसरे लंगडे. येथे निवड मालकाच्या हाती दिली, तर रोडके वासरू देवाच्या वाट्याला येणार! म्हणून शास्त्राने निवडच काढून घेतली. वर्षभरात जन्मलेली पिले कोंडवाड्यात घालावयाची, दोन एकदम बाहेर पडू शकणार नाहीत इतके अरुंद दार ठेवावयाचे, आणि हातात काठी घेऊन एकेक मोजावयाचे. दहावे बाहेर आले की त्याला लाल रंगाची खूण करून ते अर्पणाचे असे म्हणावयाचे. ते चांगले असो वा वाईट, बदलता येत नसे. मोजताना चूक झाली, नवव्याला दहावे म्हटले, दहाव्याला नववे आणि अकराव्याला दहावे, तर तिन्ही जनावरांना पावित्र्य येई. याचा परिणाम असा की मोजणारा डोळ्यांत तेल घालून मोजी.

मंदिराचा नाश झाल्यावर ही जनावरांची प्रथा आचार्यांनी थांबविली. मिश्नेच्या मूळ नियमाप्रमाणे ती मंदिर असो वा नसो, चालू राहण्यासारखी होती. पण अर्पण करण्याची सोय उरली नव्हती, आणि पवित्र ठरलेले जनावर कळपात राहिले तर केव्हातरी कोणी अजाणता त्याला नांगराला जुंपील किंवा कापील, ही भीती होती. पाळता न येणारे पुण्य ओढवून घेण्यापेक्षा अपराधाचा संभवच टाळावा, असा हा निर्णय होय.

वर्षारंभाच्या भेदाचे कारण तर थेट पर्जन्याशी जोडलेले आहे. एका वर्षाच्या पिकातून दुसऱ्या वर्षाचा दशमांश काढता येत नाही, त्यामुळे वर्ष कोठे संपते हे ठरविणे आवश्यक होते. भाजीपाल्यासाठी वर्ष तिश्री महिन्याच्या प्रतिपदेला, म्हणजे शरद ऋतूत सुरू होते. फळझाडांसाठी मात्र ते शवात महिन्यात. शम्माय याच्या संप्रदायाने शवातचा पहिला दिवस धरला, हिल्लेल याच्या संप्रदायाने पंधरावा, आणि पुढे हिल्लेलचाच पक्ष मान्य झाला. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. शवातपर्यंत वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो, आणि त्यानंतर जी फळे धरतात ती नव्या पावसाची, असे तल्मूद सांगतो. भाजी मात्र पाटाच्या पाण्यावर बारमाही वाढते, म्हणून तिच्या बाबतीत ती ज्या दिवशी खुडली तो दिवस निर्णायक मानला. कोणते पाणी पिऊन पीक वाढले, यावर ते कोणत्या वर्षाचे हे ठरविण्याची ही पद्धत शेतकऱ्याला सहज पटण्याजोगी आहे.

तरीही शंकेची जागा उरेच. महाळुंग हे झाडाचे फळ, पण त्याला भाजीप्रमाणे पाणी घालावे लागते. रब्बी अकीवा याने शवातच्या प्रतिपदेला महाळुंग तोडले आणि दोन्ही दशमांशांची रीत पाळली, अशी कथा तल्मूदात आहे. दुसरे वर्ष संपून तिसरे लागण्याच्या अशा संधीवर फळ यरुशलेमच्या दशमांशाचे की गरिबांच्या दशमांशाचे, हा प्रश्न असतो. त्यावर मार्ग असा की, प्रथम त्या भागाचे पावित्र्य नाण्यावर उतरवून ठेवावे आणि मग तोच भाग गरिबाला द्यावा. एवढा मोठा आचार्य एका फळासाठी दोन कर्तव्ये पाळतो, ती गरिबाचा वाटा आपल्या शंकेमुळे बुडू नये म्हणून.

आतापर्यंत पाहिलेले भेद देणारा प्रामाणिक आहे असे गृहीत धरून केलेले होते. पण समाजात सर्वच लोक नियम पाळीत नाहीत, मग काय? हा प्रश्न ज्या संस्थेचा कारभार लोकांच्या वर्गणीवर व अर्पणावर चालतो तिला कधीच चुकत नाही. नहेम्याच्या काळी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, लेव्यांचे वाटे पोहोचेनासे झाले. तेव्हा मंदिरातील गायक व सेवेकरी आपापल्या शेतांकडे निघून गेले, आणि मंदिर ओस पडले. नहेम्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, सेवेकऱ्यांना परत बोलावून त्यांच्या जागी उभे केले, आणि विश्वासू म्हणून ख्याती असलेल्या माणसांना कोठारावर नेमले. सेवा बंद पडली ती श्रद्धा आटल्यामुळे की धान्य न पोहोचल्यामुळे, हा वाद तेथे झाला नाही. प्रथम कोठाराची व्यवस्था लावली गेली.

पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात महायाजक योहानान याने देशभर चौकशी करविली. तेव्हा असे आढळले की सामान्य लोक तरूमा तेवढा काढतात, कारण त्याचे उल्लंघन महापातक आहे ही भीती त्यांना होती. दशमांशाच्या बाबतीत मात्र काही देतात, काही देत नाहीत. मग बाजारात अशा माणसाकडून धान्य विकत घेणाऱ्याने काय करावे? सर्व संशयितांना अप्रामाणिक ठरविले तर समाज दुभंगतो. सर्वांवर डोळे मिटून विश्वास टाकला तर पाप पदरी येते. योहानानाने मधला मार्ग काढला. अशा संशयित धान्याला ‘दमाय’ असे नाव पडले आणि त्याची रीत वेगळी ठरली. घेणाऱ्याने त्यातून लेव्याच्या दशमांशातील याजकाचा शंभरावा अंश काढावा, कारण तो पवित्र असून तो न काढता खाणे घोर दोषाचे. यरुशलेमचा दुसरा दशमांशही काढावा, कारण तो मालकालाच खावयाचा, त्यात नुकसान थोडे. पण लेव्याचा उरलेला भाग आणि गरिबांचा दशमांश हे प्रत्यक्ष देण्याची सक्ती नाही.

ही सवलत वरवर पाहता निष्ठुर वाटते. गरिबाचा वाटाच कसा सोडला? पण येथे न्यायशास्त्रातील एक मूलतत्त्व लागू होते. जो दुसऱ्याकडून काही मागतो त्याने आपला हक्क सिद्ध केला पाहिजे. दशमांश आधीच दिला गेला असण्याचा संभव आहे. तो दिला नाही हे लेव्याला वा गरिबाला सिद्ध करता येत नाही. म्हणून संशयाच्या जोरावर विकत घेणाऱ्याचे धन हिरावून घेता येत नाही. पावित्र्याच्या बाबतीत संशय आला तर कडक राहावे, आणि द्रव्याच्या बाबतीत संशय आला तर पुरावा मागावा. एकाच पोत्यातील धान्याला दोन नियम लागतात ते या भिन्न कसोट्यांमुळे. मात्र दमायचे धान्य गरिबांना व वाटसरू सैनिकांना तसेच खाऊ घालण्यास मोकळीक होती. म्हणजे नियमाचा काच उपाशी माणसाला लागू नये, ही दक्षता शास्त्रकारांनी विसरली नाही.

या सर्वांहून हृद्य असा एक वाद मिश्नेत नोंदलेला आहे. मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळले. त्यानंतर उरलेले आचार्य याव्ने या गावी जमले. तेथे एके दिवशी प्रश्न निघाला : यार्देन नदीपलीकडील अम्मोन व मवाब या प्रदेशांत सातव्या वर्षी कोणता दशमांश काढावा? त्या भूमीला सातव्या वर्षाची विश्रांती नव्हती, तेथे पिके येत. रब्बी एलआझार बेन अझऱ्या म्हणाला, यरुशलेमचा दुसरा दशमांश काढावा, बाबिलोनियात तसेच करतात. रब्बी तार्फोन म्हणाला, गरिबांचा दशमांश काढावा, मिसर देशात तसेच करतात. वाद लांबला. तार्फोनचे म्हणणे असे की, बाबिलोनिया दूर आहे. मिसर जवळ आहे, आणि सातव्या वर्षी इस्राएलातील शेते पडीक असतात तेव्हा तेथील गरिबांना त्या जवळच्या देशाचे धान्य मिळावे म्हणून मिसरला तो नियम लावला गेला. अम्मोन व मवाबही जवळच आहेत. प्रतिपक्षाने उलट विचारले की, माणसांचे हित पाहता पाहता देवाचा वाटा बुडवावयाचा काय? अखेर मते मोजली गेली आणि गरिबांच्या बाजूने कौल पडला. ही वार्ता वृद्ध रब्बी एलिएझर याच्या कानी गेली. तो सभेला उपस्थित नव्हता. निर्णय ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने सांगितले की, त्याच्या गुरूंकडून, आणि त्यांच्या गुरूंकडून, अशीच परंपरा त्याला मिळाली होती. अनेकांनी तर्काने जे शोधून काढले, ते एका म्हाताऱ्याच्या स्मरणात आधीपासूनच जपलेले होते. मंदिर भस्मसात झाले होते, राज्य गेले होते, तरी पलीकडच्या तीरावरील शेतातले धान्य कोणत्या भुकेल्याच्या मुखात पडावे याची चिंता त्या सभेला होती.

आजची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. इस्राएल देशात पिकलेल्या धान्य, फळे व भाज्या यांतून धर्मनिष्ठ यहुदी आजही हे अंश काढतात. शुद्धीचे प्राचीन विधी आज करता येत नाहीत, त्यामुळे याजकाचा अंश कोणी खात नाही. एक शतांशाहून किंचित अधिक असा भाग काढून तो आदरपूर्वक गुंडाळून टाकला किंवा पुरला जातो. दुसऱ्या दशमांशाचे पावित्र्य अल्प किमतीच्या नाण्यावर उतरविले जाते. गरिबांचा दशमांश मात्र खरोखरीच गरिबांना द्यावयाचा असतो. इ. स. २०२१-२२ हे सातवे, विश्रांतीचे वर्ष होते. पुढील २०२८-२९ मध्ये येते. इस्राएलच्या बाहेर हे शेतीचे नियम सामान्यतः लागू नाहीत. कणकेतून याजकासाठी काढावयाचा अंश मात्र, त्या विधीचे विस्मरण होऊ नये म्हणून, सर्वत्र वेगळा काढतात. त्याचे माप घरच्या कणकेस चोविसावा भाग आणि भटारखान्याच्या कणकेस अठ्ठेचाळिसावा भाग असे जुने होते. घरची कणीक थोडी, तिचा लहान अंश हाती देण्याजोगादेखील होणार नाही, हे त्याचे कारण.

येथे आपल्या भाषेशी असलेल्या एका नात्याचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, हे मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतके रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवीत आणि शेती करीत. इ. स. १७९६ मध्ये सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. कोकणच्या भाताला दशमांशाचे हे नियम लागू नव्हते. परंतु १९४८ नंतर त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे इस्राएलला गेली, आणि ज्या नियमांचे त्यांच्या पूर्वजांना कोकणच्या भूमीत कारण पडले नव्हते, ते तेथील शेतमळ्यात व स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे उभे राहिले.

शेती न करणाऱ्यांसाठी पैशाचा दशमांश रूढ झाला. तो तोरेची आज्ञा, आचार्यांचा नियम, की केवळ चांगली चाल, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. मायमोनिदीस व कारो यांनी पंचमांश हे उत्तम, दशमांश हे मध्यम, आणि त्याहून कमी हे कृपणाचे माप म्हटले. पहिल्या वर्षी मुद्दलातून आणि पुढे प्रत्येक वर्षी नफ्यातून, अशी पद्धत सांगितली. गॅलिलीतील ऊशा येथील आचार्यांनी तर वरची मर्यादाही घातली : कोणी आपल्या धनाच्या पंचमांशाहून अधिक वाटू नये, न जाणो उद्या त्यालाच दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल. हे द्रव्य कशासाठी खर्चावे, यावरही वाद झाला. क्राकूव्हचा रब्बी मोशे इस्सेर्लेस याने सोळाव्या शतकात स्पष्ट लिहिले की, ते प्रार्थनामंदिरातील दिव्यांसाठी वापरू नये, गरिबांनाच द्यावे. इतरांनी काही अटींवर धर्मकृत्यांसाठी सूट दिली. परंतु जे कर्तव्य माणसावर आधीच आहे ते या पैशातून भागवून घेऊ नये, यावर बहुतेकांचे एकमत आहे. देवाच्या दिव्याला तेल घालावे ते आपल्या वाट्यातून, गरिबाच्या वाट्यातून नव्हे, हा इस्सेर्लेसचा आग्रह मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या कोणालाही विचार करावयास लावणारा आहे.

तात्पर्य, दशमांशाच्या रीती निरनिराळ्या झाल्या त्या घेणारा कोण, देणाऱ्याच्या मनाला कोणता मोह पडण्याचा संभव आहे, पीक कोणत्या पाण्यावर वाढले, आणि संशय पावित्र्याचा आहे की पैशाचा, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून. याजकासाठी हात सैल सोडावा, लेव्यासाठी माप चोख ठेवावे, कळपापुढे डोळे मिटून दहावे घ्यावे, आणि गरीब खळ्यावर आला तर त्याचे पोट भरेल इतके त्याच्या पदरात घालावे. शास्त्रकारांनी या साऱ्याला एकच नियम लावला असता तर तो लक्षात ठेवणे सोपे गेले असते. पण मग याव्नेच्या सभेत सातव्या वर्षीच्या गरिबांचा प्रश्न निघाला नसता, आणि रब्बी एलिएझरच्या डोळ्यांत पाणी येण्याचा प्रसंगही आला नसता.